पहिल्या कलमाची शेवटची ओळ

मंडळी, आज सकाळी ग्रुपवर कुणीतरी टाकलं, "कैद्यांचं विधेयक मंजूर! घरच्यांना कळवा." खाली टाळ्यांची रांग. मी लिहिलं, "इतक्यात कळवू नका," तर म्हणे म्हातारा कुरकुरतोय. म्हणून सांगतो.

ऐंशीच्या दशकात नाशकात आम्ही चौघं कैद्यांसाठी धावपळ करायचो. मुंबईहून टपालाने राजपत्र यायचं, ते वाचणं माझ्याकडे. एकदा किरकोळ गुन्ह्यांतल्या कैद्यांना लवकर सोडण्याचा कायदा छापून आला. आनंदाच्या भरात मी सुरगाण्याला एका कैद्याच्या बायकोला कार्ड टाकलं, 'सीताबाई, कायदा झाला. नवऱ्याला न्यायला या.'

ती आली. जीपने, मग एसटीने. नवऱ्यासाठी नवा शर्ट आणि नागलीच्या भाकरी घेऊन. तुरुंगाच्या दारातून परत पाठवलं, तशी माझ्याकडे आली.

मी राजपत्र पुन्हा उघडलं. पहिल्या कलमात कायद्याचं नावगाव असतं, म्हणून मी ते नेहमी सोडून द्यायचो. त्याच कलमाच्या शेवटी होतं: शासन ठरवील त्या तारखेपासून लागू.

"भाऊ, कायदा झाला ना?"

"झाला, पण अजून लागू नाही."

"मग तारीख कधी?"

ती राजपत्रात छापलेलीच नव्हती.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिने भाकरी माझ्या टेबलावर ठेवल्या. "तुमी खा. त्याच्यासाठी केलेल्या, मी कशी खाऊ?"

खरं सांगा, सकाळपासून कुणाकुणाच्या घरी फोन गेलाय?