ठसक्याचा पत्ता

आमच्या वकिली फर्मची वेबसाइट अंधांनाही वापरता यावी, म्हणून ती तपासायला गारगोटीहून एक अंध गृहस्थ शाहूपुरीतल्या ऑफिसात आले होते. त्यांचं नाव आता आठवत नाही. आठवतो तो त्यांचा अंगठा. मोबाइल पानावरचा मजकूर वाचून दाखवी, तो कानाला लावून ते ऐकत आणि कंटाळा आला की अंगठ्यानं पुढं ढकलत. फर्मच्या परंपरेवर मी जीव ओतून लिहिलेलं पान त्यांनी अर्ध्या वाक्यातच ढकललं.

"समदं वकील ह्येच लिवत्यात की!"

मग अंगठा एकदम थांबला. ऑफिसला कसं यायचं, ते माझ्या शेजारच्या टेबलावरच्या वकिलानं लिहिलं होतं : 'मिरची कांडपाच्या गिरणीपाशी ठसका लागला, की डावीकडं वळा.' ते खुदकन हसले. ओळ पुन्हा लावली.

"पावणं, ह्या गड्याला भेटवा की!"

भेटवलं. दोघं चहाला गेले. मला कुणी विचारलंही नाही.

ते गेल्यावर मी दार लावलं, डोळे मिटले आणि माझ्या मोबाइलवर ती ओळ ऐकली. निव्वळ खुसपट काढायला ऐकली. ओळ संपायच्या आत मला ठसका लागला.