आत्यानं माझ्या नावानं दिलेलं रक्त

बबनचा फोन आला तेव्हा मी ज्वारी निवडत बसले होते. "ताई, आई गेली," एवढंच तो बोलला. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "ताप होता का रे?" तो बिचारा गोंधळला. "न्हाई ताई, ताप-बीप काई नव्हता. सकाळी च्या पिली, भितीला टेकून बसली, अन् बसल्या जागी गेली." वत्सलाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. ऐंशीच्या घरातली बाई, ताप होता की नव्हता, आता काय फरक पडणार होता? पण तिच्या-माझ्या नात्यात तो ताप एकदा येऊन बसला तो बसलाच. त्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय मला तिच्याबद्दल एक अक्षर लिहिता येत नाही. महिना झाला, रोज वही उघडते नि मिटते...

दुष्काळाचं साल होतं, मी नऊ वर्षांची. आई-दादा टोळीबरोबर ऊसतोडीला पार पश्चिमेकडच्या साखर कारखान्यावर गेले होते. माझी शाळा बुडू नये म्हणून मला केजजवळच्या गावी आत्याकडे ठेवलं होतं. जाताना दादा, म्हणजे माझे वडील, म्हणाले होते, "वच्छे, पोर तुझ्याकडं अमानत हाय." बबन तेव्हा जन्मलाही नव्हता. लग्नाला सहा वर्षं होऊन आत्याच्या घरात पाळणा हलला नव्हता, त्यामुळे माझे लाड विचारूच नका. वेणी घालतानासुद्धा केस ओढला गेला तर तीच "आई गं" म्हणायची.

थंडी सरता सरता मला ताप भरला. पाच दिवस काढे झाले, ओल्या फडक्याच्या घड्या झाल्या, ताप हटेना. सहाव्या दिवशी आत्यानं मला चादरीत गुंडाळलं आणि दूध सोसायटीच्या टेम्पोत घातलं. गावात चाराच नव्हता तर दूध कुठलं? सोसायटी मात्र टेम्पो रोज पाठवायची, चार-दोन शेरांसाठी. रिकाम्या कॅनी खडखडत होत्या. आत्यानं एका हातानं मला आणि दुसऱ्या हातानं कॅन धरून केज गाठलं.

डॉक्टरांनी तपासलं, चिठ्ठी लिहिली आणि म्हणाले, समोरच्या माडीवर जाऊन रक्त तपासून आणा. आत्यानं मला ओसरीतल्या बाकावर निजवलं आणि चिठ्ठी घेऊन एकटीच माडी चढली. परत आली ती कोपराशी कापूस दाबून. मी विचारलं, "आत्या, तुला काय झालं?" म्हणाली, "काई न्हाई, गप पड." मला कळलं होतं. नऊ वर्षांच्या पोरीला एवढं कळतं. पण सुईला मी लई भ्यायचे, म्हणून मीही गप्पच बसले. पुढं त्या चुकीचं गाठोडं तिच्या एकटीच्याच डोक्यावर राहिलं, माझा वाटा कुणी मोजला नाही.

दुपारी कागद आला. रक्तात काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, साधा ताप आहे, उतरेल. गोळ्या घेऊन आम्ही परतलो.

तो साधा ताप आणखी आठ दिवस राहिला. मी बरळायला लागले, आईला हाका मारायला लागले. आईला कळवायचं तरी कुठं? टोळी आज या फडात, उद्या त्या फडात. आत्या मला घेऊन पुन्हा त्याच टेम्पोत बसली. डॉक्टर एकदा माझ्याकडं बघत, एकदा कागदाकडं. शेवटी माझे दोन्ही हात उलटेपालटे करून त्यांनी विचारलं, "रक्त कुठून काढलं होतं?" आत्यानं स्वतःचा हात पुढं केला.

"तुमचं?"

"मंग? हिच्या अंगात रगत हाय कुठं काढाया? माझ्या सख्ख्या भावाची लेक हाय, सायेब. आमचं रगत एकच हाय."

"बाई, रक्त एक असेल. पण ताप तुम्हाला नाही, हिला आहे."

ते हसले नाहीत, ओरडलेही नाहीत. मला उचलून स्वतः माडीवर घेऊन गेले. विषमज्वर निघाला. आणखी थोडा उशीर झाला असता तर आतडी फाटली असती, असं काहीतरी ते बोलले आणि आत्या भिंतीला धरून खाली बसली. "म्हंजे म्या मारली आसती का हिला?" तिनं विचारलं. डॉक्टर औषधं लिहीत राहिले.

तीन आठवडे मी खाटेवर होते. केस मूठमूठ गळले, पण जगले. आई-दादा परत आले त्या दिवशी आत्यानं होतं तसं सगळं सांगून टाकलं. दादांनी हसण्यावारी नेलं. ती नाही हसली. पुढं जन्मभर मी दिसले की आधी कपाळाला हात, मग "कवा आलीस". माझ्या लग्नात तर भर मांडवात, हळदीच्या हातानं ताप बघितला, सासरचे बघतच राहिले. एकदा मी चिडले. "अगं आत्या, पन्नाशी उलटली माझी. किती दिवस तेच ते?" म्हणाली, "तुला न्हाई कळायचं. तू तापात हुतीस. म्या शुद्धीत हुते." मी तेव्हा तिला जवळ घ्यायला हवं होतं. नाही घेतलं. आता कपाळ मोकळंच असतं आणि सहन होत नाही.

आत्या गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेले. माणसं पांगली, मी स्वयंपाकघरात टेकले. बबनच्या बायकोनं, मंगलनं, कोपऱ्यातल्या छोट्या कळशीतून पाणी दिलं. मला त्या घरात पाणी नेहमी त्याच कळशीतलं मिळायचं. माहेरवाशिणीचं कौतुक, असं मी समजून चालले होते. मंगल म्हणाली, "आत्याबाईंनी ती कळशी कुणाला शिवू दिली न्हाई, ताई. रोज सकाळी उकळायच्या, गार करून भरायच्या. तुमी वर्षातनं दोनदा याच्या, पण ह्या रोज. मी इचारलं कावून, तर म्हणल्या, डाक्टरनं सांगितलंय, सुनंदाला पाणी उकळूनच द्यायचं." आठवलं. सांगितलं होतं खरं. किती दिवस, ते सांगायचं राहिलं असेल, आणि आत्यानं विचारलं नसेल.

"आज म्या सवयीनं उकळलं," मंगल म्हणाली. "उद्यापास्नं उकळू का नको?"

मी तांब्या पुढं केला आणि म्हटलं, "अजून दे."