डिस्ट्रॅक्टेड, आणि कंडक्टरकाकांची मिशी

कंडक्टरकाकांची अर्धी मिशी गेली ती मास्तरांच्या तोंडामुळे. 'मास्तर' हे नुसतं टोपणनाव; नोकरी अजून लागायची होती. तोवर ते बहिणीकडे राहत आणि दुपारी भावोजींच्या सलूनमधल्या बाकावर बसून जगाला इंग्रजी शिकवत.

भावोजीही काही कमी बोलके नव्हते. एका दाढीत अख्ख्या बाजारपेठेची हालहवाल सांगून मोकळे होत. पण वस्तरा नाकाखाली गेला की नियम कडक: पंखा बंद, रेडिओ बंद, तोंडं बंद. तिथे त्यांनी आजवर कुणाला खरचटूसुद्धा दिलं नव्हतं.

त्या दिवशी काकांच्या मिशीची फक्त कड कोरायची राहिली होती. दुसऱ्या दिवशी एसटी डेपोत त्यांचा निवृत्तीचा, निरोपाचा फोटो. पंखा थांबला, रेडिओ थांबला. मास्तर मात्र चालूच. त्यांचा त्या दिवशीचा शब्द होता डिस्ट्रॅक्टेड. म्हणजे झोपलेला नव्हे, वेंधळाही नव्हे. लक्ष जागेवर होतं, ते कशानं तरी ओढून नेलं, असा माणूस. म्हणून पुढे 'बाय' लावून ओढणाऱ्याचंही नाव घ्यायचं: डिस्ट्रॅक्टेड बाय अमुकतमुक.

"म्हणजे चोरही सांगायचा?" भावोजींनी विचारलं, आणि विचारताना मान वळवली.

डावीकडची मिशी फेसासकट वस्तऱ्यावर आली.

काकांनी आरशात पाहिलं, मग बोटानं ओठ चाचपला, जणू आरशावर भरवसा नव्हता. भावोजी पांढरेफटक, वस्तऱ्याचा हात तसाच अधांतरी. मास्तरांना वाटलं, आता आपलं नाव येणार.

"माझंच लक्ष उडालं, काका," भावोजी म्हणाले. बाकाकडे त्यांनी पाहिलंही नाही.

काकांनी उरलेलीही काढायची खूण केली. मग बोडक्या ओठानं उठले, दारापाशी थबकले.

"इतकी वर्षं तुझ्यापुढे डोळे मिटून बसलो रे."

त्या रात्री भावोजींनी अर्धी भाकरी ताटातच ठेवली. ताईनं विचारलं तर डोकं दुखतंय म्हणाले. मास्तरांनी हळूच म्हटलं, उद्या काकांना सांगतो, बडबड माझी होती. "सांग," भावोजी म्हणाले.

पुढच्या आठवड्यात काका पलीकडच्या गल्लीतल्या सलूनमध्ये दिसले. खुर्चीत ताठ, डोळे टक्क उघडे, वस्तऱ्यावर पहारा ठेवून. मास्तर दारात उभे राहिले. बडबड माझी होती, हे अख्खं वाक्य घोकून आणलं होतं.

"काय काका, बरं आहे ना?" एवढंच विचारून ते परतले. ते वाक्य अजून सांगायचं राहिलंय.