रूथआक्काचा सोमवार

रविवारची मिस्सा आटोपून मी चर्चच्या पायरीवर चपला शोधत होते, तेवढ्यात एस्तेरचा फोन आला. एस्तेर ही रूथआक्काची लेक, लातूरला असते. श्वासाचा त्रास वाढला म्हणून आक्काला दोन आठवड्यांपूर्वी तिनं आपल्याकडे नेलं होतं. "मावशी, मम्मी गेली… पहाटे, झोपेतच," एवढंच ती बोलली. आदल्याच संध्याकाळी आक्काचा फोन आला होता. धाप लागत होती, तरी पहिला प्रश्न काय, तर "सोमवारची डाळ निवडली का?" मी म्हटलं, "अगं बाई, दोन शब्द बोलताना तुझा जीव वर-खाली होतोय आणि तुला डाळ सुचते?" तर म्हणते, "मी कुठं निवडून राहिले? तूच निवड!" आणि ठेवला फोन. शेवटचं बोलणं हे. दुसऱ्या कुणाचं असतं तर मला वाईट वाटलं असतं, पण आक्कानं याहून वेगळं काही बोलून जावं, हे शक्यच नव्हतं.

आक्का मूळची उदगीरकडची. तिकडे थोरल्या बहिणीला आक्का म्हणतात आणि नांदेडला सून म्हणून आली ती सगळ्या गल्लीचीच थोरली बहीण होऊन. मुलींच्या वसतिगृहात शिवण शिकवायची. बुटकी, जाड भिंगाचा चष्मा, आणि आवाज असा की नळाला पाणी आल्याची खबर तिच्याकडूनच सगळ्या गल्लीला कळायची. ती प्रोटेस्टंटांच्या दगडी चर्चची, मी कॅथलिक. पलीकडे पत्र्याच्या शेडमधलं नवं चर्च, तिथं माईकवर प्रार्थना चालते. तिन्ही चर्चची माणसं एकमेकांच्या लग्नाला जायची, मयतीला जायची, ख्रिसमसच्या करंज्या एकमेकांकडे पोचवायची. पण चर्चच्या कामाची गोष्ट निघाली की ज्याचं त्याचं दार बंद. ते आमच्याकडे ठरल्यासारखंच होतं, कुणी बोलून दाखवत नव्हतं इतकंच.

आमच्या गल्लीपासून जवळच मोठा सरकारी दवाखाना आहे. बिलोली, उमरी, किनवट, कुठून कुठून पेशंट येतात आणि त्यांची माणसं फाटकाबाहेर झाडाखाली पथारी टाकून राहतात. या माणसांना जेवू घालायचं तिन्ही चर्चच्या मनात आलं, आणि ते वेगवेगळं आलं. रविवारी उपासना झाली की सगळे मोकळे, कपडे चांगले घातलेले, देवाचं काहीतरी करावंसं वाटत असतं… त्यामुळे रविवारी फाटकाबाहेर खिचडीच्या तीन डेगी! एकीकडे दगडी चर्च, दुसरीकडे आम्ही, तिसरीकडे पत्र्याचं चर्च. "आमच्याकडे या, गरम आहे!" अशी चक्क ओढाताण. आणि सोमवारपासून शनिवारपर्यंत शुकशुकाट. कित्येक महिने हे चाललं आणि आम्हा शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

पडला तो उमरीच्या एका बाईमुळे. नवरा आत ॲडमिट, ही बाहेर. आक्का ताट पुढे करायला गेली तर बाई हसली आणि म्हणाली, "आज तीनदा जेवले बाई, पोटाला तडस लागली. पन उद्या काय? तुमचा देव रविवारीच जेवतो काय?" आक्कानं ते ताट पुढच्या माणसाला दिलं. घरी येताना एक अक्षर बोलली नाही, आणि आक्का गप्प बसणं म्हणजे काय, ते गल्लीत कुणालाही विचारा. दुसऱ्या दिवशी तोंड उघडलं ते थेट तिन्ही दारांत. तिच्या पाळकसाहेबांकडे गेली, आमच्या फादरकडे आली, पत्र्याच्या चर्चच्या पास्टरांकडे गेली. वार वाटून घ्या, एवढंच तिचं म्हणणं. सगळ्यांना ते पटलं आणि रविवार सोडायला कुणीच तयार होईना. शेवटी एकत्र बसलेल्या बैठकीत ती उठली आणि स्वतःच्या चर्चच्या पंचांना न विचारता म्हणाली, "रविवार आम्ही सोडला. सोमवार आमचा." पाळकसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. सोमवारी शाळा, ऑफिसं, धुणी… कोण येणार?

कुणी आलंच नाही. पहिल्या सोमवारी ती सकाळी माझ्या दारात. "चल, कांदे कापायला." मी म्हटलं, "आक्का, हे तुमच्या चर्चचं, मी कशी येऊ?" तर फणकारली, "कांदा कापायला बिशपची परवानगी लागते काय गं तुला?" घेतली विळी आणि गेले. दोघींनीच शिजवलं, दोघींनीच वाढलं. पुढच्या सोमवारी तिच्या चर्चच्या बायका आल्या, मग आमच्यातल्या, आणि हळूहळू आठवडा भरला. रविवार तिघांत फिरता ठेवला. प्रार्थना कुणाच्या पद्धतीची, यावरही आमची जुंपलीच. आक्कानं एका वाक्यात मिटवलं. "झाकण उघडायच्या आधी ज्याला जशी करायची तशी करा. झाकण उघडलं की फकत वाढायचं."

तरी एका गुरुवारी घोटाळा झालाच. वार पत्र्याच्या चर्चचा होता आणि त्या दिवशी त्यांची उपास-प्रार्थना निघाली. सगळं चर्च उपाशी, त्यामुळे चूल पेटवायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही! फाटकापाशी माणसं ताटं घेऊन अंधार पडेपर्यंत बसून होती. आक्का पास्टरांना म्हणाली, "उपास तुमचा आन् भुकेनं त्यांना मारता का हो?" बिचारे पास्टर पाणी पाणी झाले. पण ती त्यांच्यावर रागावलेली नव्हतीच. तिला त्या ताटं घेऊन बसलेल्या माणसांचं लागलं होतं. त्या दिवसापासून तिची नवी रीत सुरू झाली. वाढून झालं की ती वाढायच्या डावानं डेगीच्या झाकणावर ठणठण वाजवायची आणि सगळ्या रांगेसमोर विचारायची, "उद्या कोण?" ज्याचा वार असेल त्यानं मोठ्यानं "आम्ही" म्हणायचं. जेवणाऱ्यांना ऐकू गेलं पाहिजे. ऐकू गेल्याशिवाय ती डेग उचलू द्यायची नाही. मी एकदा म्हटलं, "वार तर ठरलेत की, रोज काय हा तमाशा?" ती म्हणाली, "पमे, आपल्याला ठरलंय ते म्हाईत हाय. त्यांना न्हाई." मग डाव पुसत, "मी गेले की बघ, तुम्ही परत रविवारी तीन खिचड्या घेऊन याल. लई फिकीर वाटते मला त्याची." मी हसण्यावारी नेलं. ती हसली नव्हती.

लातूरला गेली तरी सुटका नव्हती. रोज वाढून झालं की बरोबर मला फोन. "स्पीकरवर टाक, डेगीजवळ धर." आणि मग त्या फोनमधून धापा टाकत, "उद्या… कोण?" रांगेतली नवी माणसं चकित होऊन फोनकडे बघायची.

तिला सोमवारी सकाळी नांदेडला आणलं. दुपारी दफन. पाळकसाहेबांनी विधी केला, आमच्या फादरांनी बायबलमधला उतारा वाचला, पास्टरांनी गाणं म्हटलं आणि अर्ध्यावर त्यांना पुढचं म्हणवेना. आयुष्यभर भांडून जे तिनं जमवलं होतं ते सगळं कबरीभोवती उभं होतं. मी मात्र घड्याळाकडे बघत होते. सोमवार! तिचा वार. तिच्या चर्चची माणसं दुःखात, त्यांना कुठून आठवणार, म्हणून मी आणि आमच्या चार बायकांनी सकाळीच गुपचूप खिचडी शिजवून ठेवली होती. माती टाकली, हात धुतले, रिक्षात डेग घातली आणि फाटक गाठलं. बघते तर दगडी चर्चची डेग आधीच हजर. सुमन, तिच्या चर्चची, डोळे सुजलेले, वाढत होती. "आक्काचा सोमवार कसा चुकवायचा हो?" आम्ही एकमेकींकडे बघतोय तोवर टेम्पो आला आणि त्यातून पास्टरांच्या बायकोनं डेग उतरवली. "म्हटलं, आज तुम्हा कुणाला सुचणार नाही…"

तीन खिचड्या. आक्का, रविवार नव्हता गं, पण आणल्याच आम्ही! मला हसू फुटलं, मग सुमनला, आणि हसता हसता तिघी एकमेकींच्या गळ्यात पडून ढसाढसा रडलो. रांगेतल्या माणसांनी पोटभर खाल्लं, काहींनी डबे भरून घेतले. आम्ही डेगी उचलायला लागलो तेव्हा बिलोलीकडचे एक म्हातारे पुढे आले. बायको आत होती त्यांची, आठवडाभर तिथंच होते. संकोचून म्हणाले, "बाई, त्या फोनमधल्या बाई कालपासून बोलल्या न्हाईत. उद्याचं… हाय ना?"

तिघींनी तीन डेगी शिजवल्या होत्या आणि उद्याचा विचार एकीनंही केला नव्हता. फाटकाबाहेरची सगळी माणसं आमच्याकडे बघत होती. मी डाव उचलला. झाकणावर वाजवला आणि विचारलं, "उद्या कोण?" तिन्ही डेगींमागून एकदमच आलं, "आम्ही!" म्हटलं, झालं, पुन्हा तीन खिचड्या! मग तिथंच रस्त्यावर उभ्या राहून ठरवलं. मंगळवार आमचाच होता, तो आम्हीच घेतला. "नक्की ना?" म्हाताऱ्यांनी विचारलं. "नक्की," मी म्हटलं, तेव्हा ते वळले.

आता बरेच आठवडे झाले. डाव माझ्याकडे असतो. वाढून झालं की माझा हात अजून आधी फोनकडे जातो… मग आठवतं. दवाखान्याबाहेरची माणसं काय, येतात आणि जातात. आज रांगेत असलेल्यांपैकी कुणीही आक्काला पाहिलेलं नाही, तिचा आवाजही ऐकलेला नाही. पण मी झाकणावर डाव वाजवला की सगळे घास हातात धरून थांबतात, आणि "आम्ही" ऐकू आलं की पुढे जेवायला लागतात.