पोटावरची थाप

जेवलं की माझं पोट टम्म फुगायचं. शेजारणी विचारायच्या, "कितवा महिना?" भिवंडीच्या दवाखान्यात डॉक्टर चार बायकांना एकदमच आत घेत, म्हणून लाजून मी दर वेळी डोकेदुखीच सांगून परतायची.

एकदा माझ्यापुढच्या अंजूर गावच्या बाईनं स्वतःच्या पोटावर थाप मारली. "डाक्टर, दोन घास खाल्ले का ढोल व्हतो. वारा सरत ऱ्हातो." सगळ्या हसल्या. ती सगळ्यांत जास्त हसली.

डॉक्टर म्हणाले, "लहान आतड्यात जंतू वाढले असतील. तपासू. औषध मध्येच सोडायचं नाही, आणि जेवणांच्या मध्ये सारखं काहीबाही खात राहायचं नाही."

उठताना ती मला म्हणाली, "तुजा बी ढोलच हाय ना गो? सांग की. लाजून पोट उतरतं काय?"

मी डॉक्टरांना सांगितलं. तपासणी झाली, औषध पुरं घेतलं, पोट बरं झालं. अजूनही कुठं बोलताना जीभ अडली, की मला ती थाप ऐकू येते.