बोकडाच्या डोळ्यातला जांभळा रंग

बीडच्या सरकारी दवाखान्यात मी डॉक्टर होतो. कसायाकडून मटणाऐवजी डोळे घेणारा एकमेव गिऱ्हाईक म्हणून माझी ख्याती होती. नांदूरघाटाकडून रातांधळे लई यायचे. दिवेलागणीला त्यांची नजर जाते म्हणजे डोळ्यात नेमकं काय होतं, हे बघायचा मला नाद लागला.

बोकड कापायच्या आधी अंधारात ठेवला आणि तांबड्या काचेच्या कंदिलापाशी डोळा चिरला, तर आतलं पातळ पटल जांभळट गुलाबी दिसतं. उजेड टिपणाऱ्या पेशींचा तो रंग. खरा उजेड लागला की बघता बघता उडून जातो. युरोपात हे कधीच कळलं होतं. बीडात माझ्याखेरीज एकालाच ठाऊक होतं: दवाखान्यातल्या माझ्या जोडीदार डॉक्टरला. आम्ही हैदराबादेत एकत्र शिकलो होतो. मी आत काम करी, तो दाराशी बसे आणि दारावर टांगलेल्या घोंगड्याला कुणी हात लावला की खेकसे, "उजेड जातो ना बे आत!"

पुढे हैदराबादेत डोळ्यांच्या अभ्यासासाठी एक जागा निघाली. मला ती हवी होती. शिफारस अव्वल तालुकदारांची, म्हणजे जिल्ह्याच्या कलेक्टरांची लागे, म्हणून ते भर दुपारी प्रयोग बघायला आले. पुढे चोपदार, मागे छत्रीवाला, त्यामागे पानदान. बोकडाला मेल्यावर एवढा मान मिळाला.

मी आतून म्हणालो, "साहेबांना एकट्यालाच सोड."

"हुजूर, अंधारात ठेच लागेल," असं म्हणत जोडीदारानं घोंगडं खाली ओढलं.

दुपार आत आली. हुजुरांचे डोळे निवळून ते वाकेपर्यंत बशीत पांढुरकं कातडं उरलं होतं.

"डाक्टर, इसमें तो कुछ भी नहीं है."

"मेहनती हाय बिचारा," जोडीदार अदबीनं म्हणाला.

सगळे गेल्यावर मी विचारलं, "कावून केलंस बे असं?"

"साहेब पडला असता तर? तुझ्याच भल्यासाठी केलं."

महिन्याभरात ती जागा त्याला मिळाली. निरोपाला हारतुरे झाले, त्याच्या दूरदृष्टीवर भाषणंही झाली. टांग्यात चढताना त्यानं मला बाजूला घेतलं. "बोकड किती वेळ अंधारात ठेवतोस रे? मी तर बाहेरच बसायचो."

खोटं सांगावं असं फार वाटलं. मग त्या रंगानं माझं काय वाकडं केलं होतं, असा विचार करून खरं ते सांगितलं. त्याच्याशी बोललेलं ते शेवटचं.