मशीनच्या काचेवरचं कुंकू

गोंदियातल्या भांड्यांच्या दुकानात मला मोठ्या जाऊबाईंनीच कामाला लावलं. त्या काउंटरवर असायच्या, मी मागच्या खोलीत लेझर मशीनवर. लग्नात द्यायच्या स्टीलच्या ताटांवर नावं आणि रंगीत मोर काढायचं काम. तिथं कोणाशी बोलावं लागत नसे, म्हणून ते मला फार आवडायचं. चारचौघांत माझा आवाजच निघत नाही.

या कामात रंग वरून लावत नाहीत. लेझरच्या तावानं स्टील स्वतःच रंग धरतं. थोडा ताव मिळाला तर पिवळा, जास्त मिळाला तर निळा. एका ताटावर निळा आणणं सोपं असतं, पण सगळ्या ताटांवर तोच निळा येत नाही. ताट जरा वाकडं असलं किंवा बोटाचा तेलकटपणा राहिला, की मोराचा गळा वेगळाच दिसतो. मी प्रत्येक ताट पुसून, मशीनच्या काचेपासूनचं अंतर बघून मगच बटण दाबायची. शेठ म्हणायचे, "रंग का काम छोटी ही करेगी." घरी मला असं कधी कोणी म्हटलं नव्हतं.

दसऱ्याला मशीनची पूजा होती. मी झेंडूची माळ ओवत होते. जाऊबाईंनी तेलात कुंकू कालवलं आणि लेझर जिथून बाहेर पडतो त्या काचेलाच बोट लावलं.

"बाई, तिथं नका लावू जी."

"काऊन वो? डोळा होय तो मशीनचा. मंग का शेपटीले लावू?"

मला हसू आलं. त्यांनी पदरानं काच पुसली. "घे, गेलं. शेठले नको सांगू, उगाच बोलन."

मला ती काच औषधानं नीट पुसायची होती, पण पूजा झालेल्या मशीनला त्या दिवशी हात लावत नाहीत. सकाळी लवकर जाऊन पुसू, असं ठरवलं. सकाळी पोहोचले तर शेठनी मुहूर्त म्हणून आधीच मशीन सुरू केलेलं. मोर निघत होते ते पिवळट, मातकट. मी काच काढून पाहिली, तर कुंकू जळून तिच्यात बसलं होतं.

"किसने लगाया ये?"

मी जाऊबाईंकडे बघितलं.

"हिनंच जी. मी तं रांगोळी काढून राहिली होती. म्हटलं बी होतं मी, तिथं नको लावू म्हणून."

माझंच बोलणं त्यांनी आपलं करून सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता. मी काच हातात धरून उभी राहिले आणि शेठनी काय समजायचं ते समजून घेतलं.

नागपूरहून नवी काच आली. मशीनवर जाऊबाई बसल्या, मी काउंटरवर. गिऱ्हाईक विचारतात, "मुकी हायेस का वो?"

परवा घरी मी जेवण वाढत होते, तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "निळा एकसारखा काऊन नाही येत वो? कालचा मोर जांभळा, आजचा पिवळा."

"मले का माहीत. मी तं कुंकू लावणारी."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून तसाच ताटात ठेवला. "मले दोन पोरी हायेत. शेठनं घरी बसवलं असतं तं?"

मलाही एक पोरगी आहे. त्यांना भात वाढला आणि माझं ताट घेऊन बाहेर सपरीच्या छपराखाली जाऊन बसले. आधी दुकानात आम्ही एकाच ऑटोनं जायचो. आता सकाळी त्यांचा ऑटो निघून गेला की मगच मी रस्त्यावर येते.